पपईला घाबरता, मग मिश्रीला का नाही?

सुनेला दिवस गेल्याचे कळले की घरातली आणि शेजारपाजारची वडीलधारी मंडळी एका रात्रीत आहारतज्ज्ञ होतात. पपई खायची नाही, तीळ खायचे नाहीत, बाजरी गरम पडते, वांगे नको, अननस तर बिलकूल नको, दही खाल्ले तर बाळाला सर्दी होते, जोडकेळे खाल्ले तर जुळे होते. यादी रोज वाढत जाते आणि बिचारीच्या ताटातला एकेक पदार्थ कमी होत जातो. मी तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवतो आहे. गरोदर स्त्री आणि तिची सासू किंवा आई तपासणीला आल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, हिला काय काय द्यायचं नाही, तेवढं सांगा." काय द्यायचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

आपल्याकडे गरोदर स्त्रीच्या आहाराची काळजी घेत नाहीत, असे माझे म्हणणे नाही. काळजी भरपूर घेतात, पण ती चुकीच्या जागी घेतात. ज्या पदार्थाने सहसा काही बिघडत नाही त्याची धास्ती, आणि ज्याने खरोखर आई-बाळाचे नुकसान होते ते मात्र राजरोस घरात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, यातला हा प्रकार आहे. आजच्या लेखात आग नेमकी कुठे लागली आहे ते पाहू.

पपईचे खरे-खोटे

सुरुवात पपईपासूनच करू, कारण सगळ्यात जास्त बदनाम तीच आहे. या समजुतीत थोडे तथ्य आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक बाहेर येतो. या चिकात पपेन आणि त्याच जातीची इतर पाचकद्रव्ये असतात. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात, ती याच द्रव्यांमुळे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी उंदरांच्या गर्भाशयावर प्रयोग केले. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले, पण पिकलेल्या पपईच्या रसाने तसे काही झाले नाही. फळ पिकत जाते तसा त्यातला चीक कमी होतो, हे आपण रोजच्या व्यवहारातही पाहतोच.

तेव्हा निष्कर्ष साधा आहे. कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई नऊ महिने टाळावी. पूर्ण पिकलेल्या, केशरी गराच्या पपईच्या दोन-चार फोडी खाल्ल्या म्हणून गर्भ पडत नाही. उलट त्यात 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वाला उपयोगी घटक असतात आणि पोटही साफ होते. मनात शंका असेल तर खाऊ नका, पेरू खा, संत्रे खा, काही अडत नाही. पण चुकून एखादी फोड खाल्ली गेली म्हणून रात्रभर रडत बसण्याचे मुळीच कारण नाही.

अननसाचेही तसेच. त्यातले ब्रोमेलेन नावाचे द्रव्य प्रामुख्याने मधल्या दांड्यात असते. नेहमीच्या प्रमाणात फळ खाल्ल्याने गर्भपात होतो, याला आधार नाही. तीळ, बाजरी, गूळ, वांगे, दही हे तर आपले रोजचे अन्न. संक्रांतीला तिळाची वडी खाल्ली म्हणून कोणाचे दिवस वाया गेले नाहीत. तिळात आणि बाजरीत लोह आहे, तिळात कॅल्शियम आहे. या बाईला नेमके तेच हवे असते.

खापर कोणाच्या डोक्यावर?

कोणी म्हणेल, डॉक्टर, नाही खाल्ली पपई, नाही खाल्ले तीळ, तर बिघडले काय? जुन्या माणसांचे ऐकले तर कोणाचे नुकसान होते? नुकसान होते, म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

राहिलेल्या दर शंभर गर्भांपैकी साधारण दहा ते पंधरा गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच पडतात. शिकलेल्या-अडाणी, गरीब-श्रीमंत, सगळ्या घरांत हे घडते. त्यातल्या जवळपास निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असते. बीज रुजतानाच काही चुकलेले असते आणि निसर्ग ते पुढे जाऊ देत नाही. त्याचा आईच्या खाण्याशी, चालण्याशी, जिना चढण्याशी संबंध नसतो.

पण घरात चौकशी सुरू होते. काय खाल्लेस? कुठे गेली होतीस? मग आठवते, आठ दिवसांपूर्वी माहेरी कोणाकडे तरी पपई खाल्ली होती. झाले, गुन्हेगार सापडला. मूल गमावल्याचे दुःख एकीकडे आणि "जिभेपायी लेकरू घालवलंस" हा ठपका दुसरीकडे. असा ठपका आठ-आठ, दहा-दहा वर्षे मनात घेऊन जगणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. पुढच्या खेपेला दिवस राहिले की या बायका भीतीने इतके कमी खातात, की त्या भीतीचाच बाळाला त्रास होतो. पपईने जेवढे गर्भ पडले नसतील, तेवढे संसार या एका समजुतीने नासवले आहेत.

याच समजुतीची दुसरी बाजू त्याहून वाईट आहे. पपईने गर्भ पडतो असे ज्यांना वाटते, त्यांच्यापैकी काही जणी नको असलेले दिवस घालवण्यासाठीही तीच खातात. कच्ची पपई, गाजराच्या बियांचा काढा, जुना गूळ आणि तीळ, नाहीतर कोणीतरी दिलेली मुळी. बहुतेक वेळा काहीच होत नाही, फक्त सहा-आठ आठवडे वाया जातात. पाळी चुकल्यावर सातव्या-आठव्या आठवड्यात जे काम सोपे असते, ते चौथ्या-पाचव्या महिन्यात अवघड आणि धोक्याचे होते. आणि मुळी किंवा काडी गर्भाशयात घालण्यापर्यंत मजल गेली, तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊन जीवच जातो.

म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्या देशात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे आणि २०२१ साली तो आणखी व्यापक झाला. कायद्यातील कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका मान्यताप्राप्त डॉक्टरच्या मताने आणि काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. संतती नियमनाचे साधन फसले हेही कायद्याने कारण मानले आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. हे माहीत असलेली बाई पपईच्या नादी लागणार नाही.

घरातली खरी आग

आता ज्याला भ्यायला हवे, पण कोणीच भीत नाही, त्याकडे वळू.

पहिली मिश्री. सकाळी उठल्यावर चुलीपाशी बसून मिश्री लावणे हा आपल्या खेड्यापाड्यांतील आणि गावांतील कितीतरी बायकांचा नित्यक्रम आहे. कोणी मशेरी म्हणते, कोणी तपकीर लावते, नाव काहीही असो, ती भाजलेली किंवा दळलेली तंबाखूच आहे. सुनेला पपईची फोड खाऊ न देणारी सासू तिच्याच शेजारी बसून मिश्री लावते आणि सुनेलाही देते, "लाव थोडी, पोट साफ होतं" असे म्हणत. तंबाखूतले निकोटिन हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून वारेवाटे बाळापर्यंत जाते. वारेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचे पोषण तुटते. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तोंडाने तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि त्यांची बाळंतपणेही सरासरी सहा दिवस आधी झाली. ज्या बाळाचे वजन मुळातच अडीच किलोच्या काठावर असते, त्याला शंभर ग्रॅम म्हणजे फार झाले.

मिश्री एकदम सुटत नाही, हे मला माहीत आहे. डोके दुखते, शौचाला होत नाही, चिडचिड होते. पण हा त्रास आठ-पंधरा दिवसांचा आहे. सकाळी कोमट पाणी प्या, तोंडात बडीशेप किंवा लवंग धरा, दात घासायला साधी पेस्ट किंवा कडुलिंबाची काडी घ्या. आणि सुनेने सोडायची असेल तर सासूबाईंनीही तिच्यासमोर लावू नये.

दुसरी आग चहाची. चहा प्यायल्याने बाळ काळे होते, ही निव्वळ थाप आहे. पण चहा जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतला, तर त्यातले टॅनिन अन्नातले लोह बांधून ठेवते आणि ते अंगी लागत नाही. आपल्याकडे सकाळी चहा-चपाती, दुपारी जेवण झाल्याबरोबर चहा, पाहुणा आला की चहा, आणि गोळीही चहाच्याच घोटाबरोबर. मग तीन महिने गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही आणि दोष गोळीला मिळतो. दिवसाला दोन कप चहाला माझी हरकत नाही, पण जेवण आणि गोळी यांपासून निदान तासाभराचे अंतर ठेवा. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या. आवळा, लिंबू, पेरू यांतल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते.

तिसरी आग पाण्याची, आणि ही सगळ्यात भयंकर. बाहेरची पाणीपुरी, उसाच्या रसातला बर्फ, यात्रेतले उघडे सरबत, गटाराशेजारून गेलेल्या फुटक्या नळाचे पाणी. यातून कावीळ होते. 'हिपॅटायटिस ई' नावाच्या या काविळीतून एरवी बहुतेक माणसे विश्रांतीने बरी होतात. पण गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्याने सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली आणि गरोदर स्त्रियांना तिचा फटका जास्त बसला. ती हीच कावीळ होती, हे पुढे कित्येक वर्षांनी कळले. आपल्याकडे २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती पाण्यामुळेच. डोहाळे म्हणून नवरा कौतुकाने बायकोला गाड्यावर पाणीपुरी खायला नेतो, त्याला हे कोणी सांगितलेले नसते. पाणीपुरी खायची तर घरी करा, पाणी उकळून गार केलेले वापरा. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळूनच प्या, दूध न उकळता पिऊ नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर गळ्यात माळ बांधून घ्यायला किंवा झाडपाल्याचा रस नाकात घालून घ्यायला जाऊ नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

झाडपाला आहे, अपाय काय होणार?

हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावे लागते. धोतराही झाडच आहे आणि कण्हेरही. वनस्पतीत औषधी गुण आहेत असे आपण मानतो, तेव्हा तिला अपायही असू शकतो, हे ओघानेच आले. आयुर्वेदाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. जाणते वैद्य गरोदरपणात औषधे फार बेताने देतात. माझा राग ऐकीव उपायांवर आणि पुड्या विकणाऱ्यांवर आहे.

साधा नियम सांगतो. स्वयंपाकात चिमटीने किंवा चमच्याने पडणारी वस्तू सहसा निर्धोक असते. तीच वस्तू वाटीने, काढ्याने, चूर्णाने किंवा अर्काच्या कॅप्सुलने रोज घेतली की ती औषध होते, आणि औषध विचारल्याशिवाय घ्यायचे नाही.

या नियमाने नेहमीच्या वस्तू तपासून पाहा. आले-सुंठ : सुरुवातीच्या महिन्यांतल्या मळमळीवर आल्याचा खरोखर उपयोग होतो. दिवसाला एक ग्रॅम सुंठेपर्यंत किंवा आल्याचे दोन-तीन पातळ काप चालतात. मेथी : भाजी हवी तेवढी खा, पण साखर कमी व्हावी म्हणून मेथीदाण्याचे चूर्ण चमचे-चमचे घेऊ नका. हळद : भाजी-आमटीतली चालते, पण उघड्यावरची, भडक रंगाची घेऊ नका. रंग खुलावा म्हणून हळदीत शिसेयुक्त पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. हळकुंडे आणून दळून घेणे उत्तम. केशर : दुधात दोन-चार काड्या घालायला हरकत नाही, पण त्याने बाळ गोरे होत नाही. बाळाचा रंग आई-बापाकडून येतो, केशराच्या डबीतून नाही. तेच पैसे अंड्यांवर किंवा डाळीवर खर्च करा.

आता टाळायच्या गोष्टी. ज्येष्ठमध खोकल्यावर घरोघरी चघळतात. एखाद्या दिवशी छोटा तुकडा चघळला म्हणून घाबरू नका, पण रोजचा काढा नको. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या आवडीने खातात. तिथल्या अभ्यासांत गरोदरपणी त्या फार खाणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणे लवकर होण्याचे प्रमाण जास्त आढळले आणि त्यांची मुले पुढे बौद्धिक चाचण्यांत थोडी मागे पडलेली दिसली. ज्येष्ठमधाने रक्तदाबही वाढतो. कोरफडीचा रस पोटाला ढाळ लावतो, तो नको. अश्वगंधा आपल्या मनाने घेऊ नये. कळा याव्यात म्हणून नवव्या महिन्यात एरंडेल पाजण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. त्याने जुलाब होतात, अंगातले पाणी जाते आणि ऐन बाळंतपणाच्या वेळी बाईची शक्ती संपलेली असते. शतावरी कल्प घ्यायचा असेल तर डबा उलटा करून साखर किती आहे ते वाचा. गरोदरपणातला मधुमेह हल्ली घरोघरी दिसतो आणि त्यात हा गोड कल्प म्हणजे आगीत तेल.

भस्मे आणि बिननावाच्या पुड्या यांबद्दल विशेष सावध राहा. २०११-१२ साली न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण घातक आढळले. त्या भारतातली, आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधे घेत होत्या. शिसे वारेतून बाळात उतरते आणि त्याच्या मेंदूची वाढ खुंटवते. पुडीवर कारखान्याचे नाव नाही, घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, तर ती पुडी घरात आणू नका.

मुलगा होण्याचे औषध

या पुड्यांमधला सगळ्यात पापी प्रकार म्हणजे मुलगा होण्याचे औषध. दोन महिने पूर्ण व्हायच्या आत, अमुक रंगाच्या गाईच्या दुधातून, सूर्य उगवण्यापूर्वी घ्यायचे. वाचकहो, मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या क्षणीच ठरलेले असते आणि ते ठरते पुरुषाच्या बीजावरून. दीड-दोन महिन्यांनी कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. पण नेमक्या याच आठवड्यांत बाळाचे हृदय, हात, पाय, मेंदू घडत असतात. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध बाजारात आले आणि मळमळीवर गरोदर स्त्रियांना सर्रास दिले गेले. १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभर सुमारे दहा हजार मुले हातापायांच्या व्यंगासह जन्मली. वार ही काही अभेद्य भिंत नाही, हा धडा जगाला तेव्हा मिळाला. हरियाणात मुलगा होण्याच्या औषधांवर अभ्यास झाले, त्यांत ती घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याचे आणि जन्मजात व्यंगाचे प्रमाण जास्त आढळले. मुलाच्या हव्यासापायी निरोगी बाळालाच व्यंग द्यायचे, याहून मोठा करंटेपणा कोणता?

मग खायचे काय?

माझा खरा मुद्दा इथे आहे. पपई बंद करायला पैसा लागत नाही, दूध आणायला लागतो. म्हणून बंदीची यादी लांब आणि खाण्याची यादी आखूड. बंदी घातली की काळजी घेतल्याचे समाधान फुकटात मिळते. शिवाय, "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण जड जातं" म्हणून जेवणच कमी करणारी घरे अजून आहेत. कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपे होत नाही. आई अशक्त होते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते.

देशातली परिस्थिती पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या बावन्न गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली. ते ७ च्या खाली गेले तर बाळंतपणात एरवी सहन होणारा रक्तस्रावही जीवघेणा ठरतो. सून माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाते, याला डोहाळे म्हणून हसू नका. बऱ्याचदा ती रक्त कमी असल्याची खूण असते. रक्त तपासून घ्या.

उपाय आपल्या परसात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्यात असे दिसले, की ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे अधिक भरीव होती. ही खेडी आपल्यासारखीच, बायका शेतात राबणाऱ्याच. याच अभ्यासात निम्म्याहून जास्त स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते दूध, दही, अंडी, मांस-मासळी यांतूनच मिळते. म्हणून शाकाहारी घरात दूध-दह्याला पर्याय नाही आणि गरज पडली तर गोळी घ्यावी.

चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे 'दोन जिवांचे' दुप्पट जेवण नव्हे. एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आणि कपभर दूध, एवढे वाढवले की झाले. त्याला मेथी, शेपू, चवळई, शेवग्याचा पाला यांपैकी एक भाजी, भाजीवर लिंबू, आणि पेरू-केळे-बोर जे स्वस्त असेल ते फळ. अंडे चालत असेल तर रोज एक, नीट उकडलेले. भाजी लोखंडी कढईत करा. खायची वासना नसेल तर दिवसातून पाच वेळा थोडे-थोडे द्या. कडक उपवास आणि ग्रहणात दिवसभर पाण्यावाचून बसणे या काळात नको. देव एवढा कठोर नाही.

गोळ्यांचे म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची लाल गोळी, किमान १८० दिवस. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून निदान दोन तासांच्या अंतराने, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. बाळ मात्र काळे होत नाही. या गोळ्या आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. आदिवासी भागातल्या भगिनींसाठी अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. तो आपला हक्क आहे, लाजू नका.

आणि एक गोष्ट कोणत्याही गोळीत मिळत नाही. आपल्या घरात सगळ्यांची जेवणे झाल्यावर, उरलेल्या भाजीच्या रश्शात भाकरी कुस्करून जेवते ती बहुधा हीच गरोदर सून असते. तिच्या वाट्याला भाजी उरत नाही, दूध तर नाहीच. माझी घरातल्या कर्त्या मंडळींना, विशेषतः सासूबाईंना आणि नवऱ्याला विनंती आहे. हे नऊ महिने तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा आणि पहिली वाढ तिच्या ताटात घाला. डोहाळजेवणाच्या एका दिवसाला पंचपक्वान्नांचे ताट आणि उरलेले दिवस कोरडी भाकरी, असे करू नका.

पपई हवी तर खुशाल बंद ठेवा. पण त्याच दिवशी मिश्रीची डबी घराबाहेर काढा, पाणी उकळायला ठेवा आणि तिच्या ताटात पालेभाजी वाढा. बाळाचे वजन त्यानेच वाढेल.